उष्ट्या थेंबाची साक्ष

मराठी भाषेने लाळेला फारसा मान कधी दिला नाही. धनवंताची हांजी हांजी करणाऱ्याला ती लाळघोट्या म्हणते. वरिष्ठाच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारा तिच्या लेखी थुंकी झेलत असतो. आणि एकदा तोंड लागलेला घास, मग तो पंचपक्वान्नांतला का असेना, उष्टा ठरतो. शबरीची बोरे रामाने खाल्ली ही कथा लोकमानसाने शतकानुशतके जपली, ती बोरे उष्टी होती म्हणूनच. उष्ट्याचा हा विटाळ केवळ रूढीने मानला असे मात्र नव्हे. आधुनिक जीवविज्ञानानेही तो दीर्घकाळ मानला; फक्त त्याची कारणे निराळी होती. माणसाच्या शरीराची सारी कुळकथा ज्या द्रव्यात लिहिलेली असते ते डीएनए लाळेच्या जवळजवळ प्रत्येक थेंबात असते, हे ठाऊक असूनही तो थेंब जसाच्या तसा प्रयोगनळीत टाकावयास कोणी धजत नसे. आधी त्याला न्हाऊ घालावे, त्याची प्रथिने काढावीत, मेद काढावा, चिकटा काढावा, आणि मग उरलेले दोन धागे सन्मानाने पुढच्या प्रयोगास न्यावेत, असा दंडक होता. हे सोवळे का आले आणि पुढे ते कसे सैल झाले, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण रोगाची परीक्षा कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, हा प्रश्नही त्याच इतिहासात गुंतलेला आहे.

या द्रव्याचा जन्मच मुळी अमंगळ जागी झाला. १८६९ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे फ्रिडरिश मीशर नावाचा पंचविशीच्या आतबाहेरचा स्विस तरुण, होप-सायलर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करीत होता. त्याची प्रयोगशाळा होती जुन्या किल्ल्यातील मुदपाकखान्यात. पांढऱ्या पेशी कशाच्या बनलेल्या असतात हे त्याला पाहावयाचे होते, आणि अशा पेशी विपुल प्रमाणात मिळण्याचे त्या काळचे ठिकाण म्हणजे शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून येणाऱ्या, पुवाने भिजलेल्या पट्ट्या. ज्या चिंध्या सफाईवालाही नाक धरून उचलील, त्या हा तरुण क्षाराच्या द्रावणात हलक्या हाताने धूत बसे. पेशी वेगळ्या झाल्या की कोमट मद्यार्काने त्यांतील मेद काढी. आणि प्रथिने नाहीशी करण्यासाठी डुकराच्या जठरातून काढलेले पेप्सिन वापरी. एवढे सोपस्कार झाल्यावर तळाशी जे करड्या रंगाचे द्रव्य राहिले त्यात फॉस्फरस होता, आणि ते कोणत्याही ज्ञात प्रथिनासारखे वागत नव्हते. मीशरने त्याला ‘न्यूक्लीन’ असे नाव दिले. गुरू मोठे सावध. त्यांनी तोच प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिला आणि मगच, १८७१ साली, शिष्याचा लेख छापला.

डीएनएचा इतिहास असा धुण्यापासून सुरू होतो. हे तपशिलाने सांगण्याचे कारण असे की मीशरने त्या मुदपाकखान्यात घालून दिलेली पद्धत पुढच्या सव्वाशे वर्षांत मुळातून बदलली नाही. पेशी फोडणे, प्रथिने पचवणे, मेद धुऊन काढणे, राहिलेले द्रव्य गोळा करणे; साधने पालटली, क्रम तोच राहिला. आणि या शुद्धतेच्या आग्रहाला सबळ कारणही होते. १९४४ साली न्यूयॉर्क येथे एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी आनुवंशिक गुण वाहून नेणारे द्रव्य डीएनए हेच होय असे दाखवले, तेव्हा त्यांच्यावर मुख्य आक्षेप आला तो हाच, की तुमच्या नमुन्यात प्रथिनाचा अंश राहून गेला असला पाहिजे आणि पराक्रम त्याचा असला पाहिजे. म्हणजे डीएनएची थोरवी सिद्ध व्हायची तर ते निर्भेळ असल्याचे दाखवणे भाग होते. ज्या शास्त्राचा पहिला मोठा वाद शुद्धतेवरूनच झाला, ते शास्त्र पुढे सोवळे झाले यात नवल नाही.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी, रोझालिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार घेऊन, डीएनएचा दुहेरी पीळ उलगडला. दोन धागे परस्परांचे पूरक असतात. एक हाती असला की दुसरा त्यावरून घडवता येतो. तो घडवणारे विकर, ज्याला डीएनए पॉलिमरेज म्हणतात, ते आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ च्या सुमारास वेगळे केले. आता एका विशिष्ट तुकड्याच्या हव्या तितक्या नकला बाहेरच्या बाहेर काढता येतील काय, हा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते. तो प्रथम ज्यांच्या प्रयोगशाळेत स्पष्टपणे मांडला गेला ते शास्त्रज्ञ भारतात जन्मलेले होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. हरगोविंद खुराना अविभाजित पंजाबातील रायपूर नावाच्या लहानशा खेड्यात १९२२ साली जन्मले. त्यांची पहिली शाळा भरे ती झाडाखाली. १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ साली नॉर्वेचे क्लेप्पे आणि खुराना यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या लेखात दोन छोटे आरंभक तुकडे, तापवून धागे विलग करणे, थंड करून विकराने ते भरून काढणे आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करणे, ही कल्पना आढळते. परंतु आरंभक तुकडे तयार करणे तेव्हा महिन्यांचे काम होते, आणि तापवताच विकर नाश पावे. कल्पना कागदावर राहिली.

ती पुन्हा सुचली १९८३ साली, कॅलिफोर्नियातील एका डोंगरी रस्त्यावर, रात्री मोटार हाकणाऱ्या कॅरी मुलिस यांना. ते सीटस नावाच्या कंपनीत नोकरीस होते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपल्याकडे मुलेही जाणतात. मुलिस यांची युक्ती तीच. प्रत्येक फेरीत नकला दुप्पट होतात. तीस फेऱ्या पुऱ्या झाल्या तर हिशेबाप्रमाणे एकाच्या १०७ कोटी. या क्रियेस पॉलिमरेज चेन रिॲक्शन, संक्षेपाने पीसीआर, असे नाव पडले, आणि मुलिस यांना १९९३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण मोटारीत सुचलेली कल्पना नळीत उतरवणारे हात सायकी, अर्लिख, आर्नहाइम, फालूना या सहकाऱ्यांचे होते, हे विसरता कामा नये. १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी प्रसिद्ध केलेला पहिला उपयोग होता सिकल सेल या रक्तरोगाचे निदान. विदर्भाच्या आणि नंदुरबारच्या आदिवासी वस्त्यांत जो रोग पिढ्यान् पिढ्या मुक्काम ठोकून आहे, तोच हा. वीस फेऱ्यांत मूळ तुकडा २ लाख २० हजार पट वाढला. हिशेबाने तो दहा लाखांहून अधिक पट व्हावयास हवा होता. पण हिशेब आणि व्यवहार यांत अंतर राहतेच.

त्या वेळी प्रत्येक फेरीनंतर नळीत ताजे विकर घालावे लागे, कारण आधीचे उष्णतेने मरून जाई. ही अडचण दूर झाली ती एका उन्हाळ्याच्या पाण्याने. अमेरिकेतील यलोस्टोन येथील कढत झऱ्यांत १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सुखाने नांदणारा जिवाणू सापडला होता. त्याचे नाव थर्मस ॲक्वाटिकस. त्याचे पॉलिमरेज १९७६ साली वेगळे करण्यात आले आणि १९८८ साली ते पीसीआरमध्ये रुजले. त्याला ‘टॅक’ म्हणतात. कढत पाण्यात जन्मलेले हे विकर ९५ अंशांतही तग धरून राहते. आता नळी एकदा बंद करून यंत्रात ठेवावी आणि दोन तासांनी उघडावी, इतके काम सोपे झाले.

येथवर सारे मुख्यतः शुद्ध केलेल्या डीएनएवर चालले होते. लाळेचा प्रवेश व्हावयाचा होता, आणि लाळ हा साक्षीदार सरळ नव्हता.

माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तीत गालाच्या अस्तरातून सुटलेल्या पेशी असतात, रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी असतात, आणि या दोहोंत डीएनए भरपूर असते. पण तीत आणखीही पुष्कळ असते. दातांवरचे कीटण भिंगाखाली धरून डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६८३ साली ज्या वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस कळवले, त्यांचे वंशज तेथे असतात. म्युसिन नावाचे चिकट ग्लायकोप्रथिन असते. लाळेला तार येते ती त्याच्यामुळे. डीएनए आणि आरएनए कापून काढणारी विकरे असतात. शिवाय माणसाने नुकतेच काय खाल्ले-प्यायले याची जमाखर्चाची वहीच तेथे उघडी असते, आणि चहात असतात तशी टॅनिन वर्गातील द्रव्ये पॉलिमरेजला निष्प्रभ करतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने लाळेचा द्रव पीसीआरला किती जोराने अटकाव करतो याचे मोजमापच मांडले. लाळेचा नमुना देण्यापूर्वी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, धूम्रपान करू नये, असे सांगतात ते यासाठी.

या अडवणुकीत एक मोठा धोका दडलेला आहे. विकर अडले तर नळी गप्प बसते. आणि गप्प बसलेली नळी पाहून परीक्षक म्हणतो की शोधत होतो ते द्रव्य येथे नाही. साक्षीदाराच्या तोंडात बोळा कोंबलेला असताना त्याच्या मौनावरून निकाल देण्यासारखेच हे. रोगी निरोगी म्हणून घरी जातो, आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. शुद्धीकरणाचा आग्रह धरणारे लोक उगाच कर्मठ नव्हते, हे येथे मान्य केले पाहिजे. फिनॉल आणि क्लोरोफॉर्म यांसारख्या विषारी द्रवांशी झगडत, सेंट्रिफ्यूजच्या फेऱ्या मोजत, त्यांनी ज्याचा पाठलाग केला तो हाच अदृश्य खोटेपणा होता. १९९० साली नेदरलंड्समधील बूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकावर डीएनए चिकटवून बाकीचे धुऊन टाकण्याची पद्धत दिली. तिच्यातून पुढे तयार संच निघाले, आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्या संचांच्या गिऱ्हाईक झाल्या. सोय झाली, तशी एक परावलंबनाची गाठही बसली. तिचा काच पुढे जाणवला.

सोवळे सैल करण्याचे प्रयत्न मात्र टॅकच्या आगमनाबरोबरच सुरू झाले होते. १९८८ साली लंडनमधील सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेतील संशोधकांनी दाखवले की खळखळून भरलेल्या चुळीतून मिळणाऱ्या पेशी जनुकपरीक्षेस पुरतात. सुई टोचण्याची गरज नाही. १९९० साली फ्रान्समध्ये संपूर्ण रक्तावर, डीएनए वेगळे न काढता, थेट पीसीआर करण्यात आले. १९९१ साली चेलेक्स नावाच्या राळेबरोबर नमुना नुसता उकळून घेण्याची रीत न्यायवैद्यकात आली. ऑस्ट्रेलियात बर्गॉइन यांनी रसायनांत भिजवलेला कागद तयार केला. त्यावर रक्त अथवा लाळ टिपून वाळवावी, आणि टाचणीच्या डोक्याएवढी टिकली कापून पुढे वापरावी. टिकली धुवावी लागे, पण धुण्याचे काम आता मिनिटांवर आले.

लाळेला राजमान्यता दिली ती शास्त्राने नव्हे, कायद्याने. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस कायद्याप्रमाणे तोंडातून बोळा फिरवून घेतलेला नमुना हा शरीराच्या ‘खाजगी’ नमुन्यांत मोडे, आणि तो संमतीवाचून घेता येत नसे. १९९४ च्या नव्या कायद्याने व्याख्या बदलली. तोंड हे खाजगी राहिले नाही. एप्रिल १९९५ मध्ये तेथे राष्ट्रीय डीएनए नोंदणी सुरू झाली आणि आरोपींच्या गालांवरून फिरवलेले बोळे हजारांनी, पुढे लाखांनी, प्रयोगशाळांत येऊ लागले. व्याख्येतील एका शब्दाने काय घडते याचे याहून बोलके उदाहरण कारभाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल. भारतातही फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ साली झालेल्या दुरुस्तीने आरोपीच्या वैद्यकीय तपासणीत रक्त, केस, घाम यांबरोबर थुंकीचाही नामनिर्देश केला आणि डीएनएची परीक्षा कायद्याच्या शब्दांत आणली. उष्ट्या थेंबाची सुलभता हा जसा रोग्याला दिलासा आहे, तसा तो नागरिकाच्या खाजगीपणाला धोकाही आहे. ज्या वस्तूसाठी सुई लागत नाही, ती वस्तू मागताना सत्तेचा हातही तितकासा अडखळत नाही.

इतके बोळे आले, तेव्हा प्रत्येकाचे यथासांग शुद्धीकरण करीत बसणे कोणालाच परवडेना. येथे एक साधा विचार उपयोगी पडला. आरोपीच्या गालावरून घेतलेल्या नमुन्यात डीएनए मुबलक असते आणि ते एकाच माणसाचे असते. अशा नमुन्याचा अगदी अल्प अंश घेतला तरी भागते. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या पुसट डागाची गोष्ट निराळी. तेथे कणकण जपावा लागतो आणि शुद्धीकरण सोडून चालत नाही. म्हणून २०१० च्या सुमारास न्यायवैद्यकासाठी थेट वाढीचे जे संच आले, ते पहिल्या प्रकारच्या नमुन्यांसाठी आले.

थेट वाढीचे शास्त्र पाहू गेल्यास त्यात चमत्कार असा काही नाही. तीन-चार शहाणपणाच्या युक्त्यांचा तो मेळ आहे. पहिली युक्ती पातळ करण्याची. लाळ दहापट पातळ केली तर अटकाव करणारी द्रव्ये दहापट विरळ होतात. डीएनएही तितकेच विरळ होते खरे, परंतु ते पुढे कोटींनी वाढणार असते, आणि विघ्ने मात्र वाढत नाहीत. ज्याच्यापाशी दुपटीचे यंत्र आहे त्याने सुरुवातीस उधळेपणा करावयास हरकत नाही, असा हा व्यवहार आहे. दुसरी युक्ती उष्णतेची. ९५ अंशांवर पेशी फुटतात आणि घातक विकरे थंडावतात. तिसरी, नळीत गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन मिसळण्याची. विघ्नकारी द्रव्ये त्यालाच बिलगतात आणि पॉलिमरेज मोकळे राहते. चौथी युक्ती अधिक मूलगामी होती. नमुना धुण्याऐवजी विकरच काटक का करू नये? अमेरिकेत सेंट लुइस येथे वेन बार्न्स आणि मिल्को केर्मेकचीव्ह यांनी टॅकमध्ये फेरफार करून अशी उत्परिवर्तित विकरे घडवली की जेथे मूळ टॅकला रक्ताचा शेकडा एक भागही सोसत नसे, तेथे ही शेकडा वीस भाग रक्तातही काम करीत. त्यांचा लेख २००९ सालचा. स्वयंपाकाला स्वच्छ ओटा मिळत नसेल तर चुलीवर, धुरात, रांधू शकणारी सुगरण शोधावी, तसाच हा प्रकार.

पाचवी गोष्ट म्हणजे प्रोटिनेज के हे विकर. १९७४ साली एका बुरशीतून ते वेगळे करण्यात आले. केराटिन पचवते म्हणून त्याच्या नावात ‘के’. ते प्रथिने खाऊन टाकते आणि तापवले की स्वतःही मरते, मागे राहून अडथळा करीत नाही. मीशरने किल्ल्यातल्या मुदपाकखान्यात पेप्सिनकडून जे करवून घेतले, तेच हे. मात्र मीशरला नंतर सारे धुऊन टाकावे लागे. येथे काहीच टाकावयाचे नाही.

या साऱ्या युक्त्या तज्ज्ञांच्या नियतकालिकांत पडून होत्या. २०२० साली त्यांना एकदम मोल आले.

कोविडचा विषाणू डीएनएचा नव्हे, आरएनएचा बनलेला. त्यामुळे आधी आरएनएवरून डीएनए लिहवून घ्यावा लागतो. हे उलटे लेखन करणारे विकर टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० साली शोधले होते. पुढचा मार्ग पीसीआरचाच. पण मार्च-एप्रिल २०२० मध्ये जगातील प्रयोगशाळांना कळून चुकले की यंत्रे आहेत, माणसे आहेत, आणि आरएनए शुद्ध करण्याचे संच मात्र नाहीत. नाकात खोलवर घालावयाचे बोळेही मिळेनात. एकाच वेळी साऱ्या जगाने एकाच दुकानापुढे रांग लावली, तर दुसरे काय होणार! ज्या देशापाशी पैसा होता तोही थांबला. ज्यापाशी नव्हता त्याची गोष्टच सोडा. चाचणीचा अहवाल आठवडाभराने आला तर तो रोग्याच्या कागदपत्रांत लावण्याखेरीज उपयोगाचा नसतो. तोवर घरातील बाकीची माणसे आजारी पडलेली असतात.

फेब्रुवारीतच हाँगकाँगच्या डॉक्टरांनी बारा रोग्यांपैकी अकरा जणांच्या लाळेत विषाणू सापडल्याचे कळवले होते. अमेरिकेत येल विद्यापीठातील ॲन वायली, नेथन ग्रबॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रुग्णालयातील रोग्यांच्या लाळेत नाकातील बोळ्याइतकाच, किंबहुना अधिक, विषाणू आढळला. त्यांना आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. लाळेतील विकरे विषाणूच्या आरएनएचा चट्टामट्टा करतील अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात साध्या नळीत, कोणतेही रक्षक द्रव्य न घालता, ते कित्येक दिवस ओळखता येत होते. मग त्यांनी शुद्धीकरण समूळ वगळले. लाळेत प्रोटिनेज के घालावे, चांगले हलवावे, ९५ अंशांवर पाच मिनिटे तापवावे, आणि तो द्रव थेट पुढच्या नळीत घालावा. एका मायक्रोलिटरमध्ये विषाणूच्या सहा ते बारा प्रती असल्या तरी परीक्षा त्या पकडी. दर नमुन्यास रसायनांचा खर्च पाच डॉलरांहून कमी. १५ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या पद्धतीस आपत्कालीन मान्यता दिली. येलने विकावयाचा संच काढलाच नाही; कृती प्रसिद्ध केली, आणि ज्याला जे रसायन मिळेल त्याने ते वापरावे अशी मोकळीक ठेवली. इलिनॉय विद्यापीठाने तर प्रोटिनेजही वगळले. लाळ ९५ अंशांवर अर्धा तास तापवून, तिच्या बळावर विद्यार्थ्यांच्या नियमित चाचण्या सुरू ठेवल्या.

मौनाच्या फसवणुकीचे काय केले, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. उत्तर जुने आणि साधे आहे. विषाणूच्या तुकड्याबरोबर माणसाच्या स्वतःच्या एका जनुकाचाही शोध त्याच नळीत घेतला जातो. तो प्रत्येकाच्या लाळेत असावयाचाच. तो उमटला आणि विषाणू उमटला नाही, तर नकार खरा; दोन्ही उमटले नाहीत, तर साक्षीदाराचे तोंड बांधलेले आहे असे समजून नमुना पुन्हा घ्यावा. अर्थात अगदी विरळ विषाणू असलेले काही नमुने थेट पद्धतीत निसटतात. शुद्धीकरणात तो गोळा होऊन दाट होतो, येथे होत नाही. पण निसटलेला एक आणि चाचणीच न झालेले शंभर यांची तुलना करण्याची वेळ आली, तेव्हा कौल कोणीकडे जावयाचा ते उघड होते.

भारतात त्याच दिवसांत सार्वजनिक ठिकाणी थुंकणे दंडनीय ठरवण्यात आले. योग्यच होते. रस्त्यावर जिला दंड, तिलाच प्रयोगशाळेत प्रवेश, असा योग मात्र क्वचितच येतो. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्राने कोरडा बोळा वापरून, आरएनए न काढता थेट परीक्षा करण्याची पद्धत बसवली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तिला नोव्हेंबर २०२० मध्ये संमती दिली.

आणि २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेने नागपूर शहर हवालदिल झालेले असताना, त्याच शहरातील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिला लोक नीरी म्हणून ओळखतात, एक पद्धत पुढे आणली. ही संस्था १९५८ साली स्थापन झाली ती सार्वजनिक आरोग्य-अभियांत्रिकीसाठी. पाणी आणि सांडपाणी हा तिचा मूळ विषय. तेथील कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोळाच काढून टाकला. घसा बसला की घरोघरच्या आज्या ज्या सांगत आल्या त्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, एवढेच रोग्याने करावयाचे. नळीत क्षारजल असते. ते तोंडात घेऊन गुळणी करावी आणि त्याच नळीत परत टाकावी. नमुना घेण्यास तज्ज्ञ माणूस लागत नाही, नाकात काही खुपसावे लागत नाही, रोग्यासमोर कोणाला उभे राहावे लागत नाही. प्रयोगशाळेत तो द्रव नीरीने तयार केलेल्या द्रावणात काही वेळ ठेवतात, मग तापवतात, आणि शुद्धीकरणावाचून थेट पीसीआरला लावतात. मे २०२१ मध्ये वैद्यक संशोधन परिषदेने या पद्धतीस मान्यता दिली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे, पर्यायाने छोट्या उत्पादकांसाठी, सुपूर्द करण्यात आली. संस्थेने तिची शिफारस करताना खेड्यांचा आणि आदिवासी भागांचा मुद्दाम उल्लेख केला होता. जेथे शीतगृह नाही, सेंट्रिफ्यूज नाही, आणि तयार संचाची पेटी पोहोचेपर्यंत पावसाळा लागतो, अशा गावांचा. तेथल्या माणसाने गुळणी करून नळीला बूच लावले की त्याच्याकडचे काम संपते.